केदारखेड्यातला अंदमानचा तंबू

लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत मी नवऱ्यासोबत एकटी कुठेही गेलेले नाही. देवाला गेले, पण क्रुझर भरून. लग्नानंतर फिरायला म्हणून निघालो तेव्हाही माझ्या मांडीला मांडी लावून सासूबाई बसल्या होत्या आणि माझा नवरा कल्याण पुढे ड्रायव्हरशेजारी, कारण मागे बसलं की त्याला मळमळतं. फोटो आहेत त्या प्रवासाचे. प्रत्येक फोटोत सगळी भावकी आहे आणि कडेला अर्धी कापलेली मी आहे.

जालन्यात आम्ही दोघं नोकरी करतो. तो एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये सुपरवायझर, मी बियाण्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, उगवलं किती आणि सडलं किती ते बघायचं, हे माझं काम. घर दोन खोल्यांचं. पण ते घर कसलं, सासरच्या केदारखेड्याचा बसथांबा आहे तो. कुणाचा दवाखाना, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाला मोंढ्यात माल घालायचाय, मुक्काम आमच्याकडे. मोठ्या दिरांची मीना कॉलेजसाठी कायमचीच आमच्याकडे. पोरगी गुणी आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण आत ती अभ्यास करते आणि बाहेर पाहुणे घोरतात, मग नवरा-बायकोनं बोलायचं कुठे? ओट्यापाशी, कुकरच्या शिट्टीच्या आडून. वर गावाला गेलं की बायका माझ्या पोटाकडे बघून विचारतात, "अजून काही न्हाई का?" काय असणार? कुठून असणार?

अंदमानचं खूळ डोक्यात घातलं रुखसारने. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. लग्नानंतर ती आणि तिचा इजहार तिकडे जाऊन आले होते. एका लहान बेटावर एका माणसाची नारळाची वाडी आहे, तंबू आपला आपण लावायचा, चूल आपली आपण पेटवायची, समोर समुद्र. "बाजी, वहाँ कोई नहीं आता," ती म्हणाली. निळं पाणी, पांढरी वाळू, ती पुष्कळ काही सांगत होती, पण माझ्या कानात तेवढं एकच वाक्य राहिलं. वहाँ कोई नहीं आता.

मी सगळं ठरवलं. रजा टाकली, हैदराबादपर्यंत रेल्वे, मग विमान, जहाज, सगळी तिकिटं काढली. आणि खरं सांगते, कल्याणने नाही म्हटलं नाही. उलट खुलला. निळा दोन माणसांचा तंबू आला तेव्हा त्याने तो पलंगावर पसरून बघितला. मोबाइलवर गाठी मारायच्या शिकला आणि माझ्या परकराच्या नाडीवर सराव करत बसला. ओट्यापाशी येऊन कानात म्हणायचा, "शीतल, तिथं भरती आली अन् तंबूत पाणी शिरलं तर?" मी म्हणायची, "तर भिजू." असा तो नऊ वर्षांत माझ्याशी बोलला नव्हता. घरात मी त्याला अहो-जाहो करते, मनात नाही. मनात तेव्हा मी त्याला म्हणाले, वेड्या, मला तू एवढाच पाहिजे होतास.

फक्त गावाला सांगायचं राहिलं होतं. "सांगितलं का घरी?" मी विचारलं की म्हणायचा, "सांगतो ना. मोका बघून सांगतो." कल्याण लहान असताना वडील गेले. थोरल्या बद्रीनाथदादांनी शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला शिकवलं. हे मला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, आणि कुणी विसरू नये याची काळजी घेतली जाते. त्यामुळे कल्याणवर मला नीट रागावताही येत नाही. रागावले की मीच कृतघ्न ठरते.

निघायच्या आधीच्या शनिवारी त्याने नवीनच काढलं. तिथे जाऊन तंबू उभाच राहिला नाही तर? एकदा सराव करू. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत. माती पाहिजे. मग म्हणाला, आपल्या नदीकडच्या शेतात जाऊ. मी म्हटलं, "मग आधी घरी जाऊ, आईंना भेटू, सांगून टाकू." तो म्हणाला, "घरी गेलं की जेवायला थांबावं लागल, मंग राहावं लागल. मागच्या रस्त्यानं जाऊ, सकाळी उठून निघू. कुणाला कळत न्हाई."

कुणाला कळत नाही! स्वतःच्या गावात, स्वतःच्या रानात, चोरासारखी गाडी ढकलत आम्ही मागच्या वाटेने शिरलो. शाळू निसवलेला होता, कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाटी तशीच उभी होती. बांधाजवळ मोकळी जागा बघून तंबू लावला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा उभा राहिला. कल्याणने टाळ्या वाजवल्या. मी तीन दगड मांडले, वाळलेल्या पऱ्हाट्या मोडून पेटवल्या आणि खिचडी टाकली. तिकडेही असंच करायचं होतं, म्हणून सराव पूर्ण करायचा, असा माझा हट्ट.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले हे सातबारावरून नंतर कळतं, आधी धुरावरून कळतं. एका घरच्या रानात एकच चूल. धाकट्याच्या बायकोनं तीन दगड निराळे मांडून त्यावर भात शिजवला की झालं, तो वेगळा निघाला. बोलायची गरज नसते. जालन्यातला आमचा गॅस त्यात धरत नाहीत, तो नोकरीचा. पण घरच्या जमिनीवर पेटवलेली चूल म्हणजे चूल. हे मला माहीत होतं. अंबडला माझ्या माहेरी हेच बघत मी मोठी झाले. आणि तरी मी तीन दगड मांडले, कारण माझ्या डोक्यात केदारखेडा नव्हताच, बेट होतं. कल्याणलाही सुचलं नाही. दोघंही शिकलेले बैल.

शेजारच्या शेताचे काकासाहेब बांधावरून चालले होते, ते थबकले. तंबूकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, सगळ्यात जास्त वेळ दगडांकडे.

"काय कल्याण? इथं?"

"सहज आल्तो, काका," कल्याण म्हणाला. त्याच्या तोंडून अंदमान निघेना.

"आईला सांगितलं का?"

"सांगणारच हाय."

काकासाहेबांनी मान हलवली आणि जास्त काही न बोलता गेले. माणूस जास्त बोलला नाही म्हणजे घाई झाली आहे, हे आम्हाला कळायला हवं होतं. पण आम्ही खिचडी खाल्ली. थोडी करपली होती. कल्याण माझ्या खांद्याला खांदा लावून बसला आणि लहानपणी या नदीत तो कसा बुडता बुडता वाचला ते त्याने सांगितलं. नऊ वर्षांत मला ही गोष्ट माहीत नव्हती. मी सुखी होते. ते सुख आठवलं की आता मला जास्त राग येतो.

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. चेन उघडून बाहेर डोकं काढलं तर समोर गाय. घरची तांबडी गाय, दावं तंबूच्या खुंटीला बांधलेलं. मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीत ज्वारीची पोती, घडवंची, तांब्याचा हंडा, परात, दोन वाकळा. दादा एकेक वस्तू उतरवून चुलीजवळ मांडत होते. धोतर खोचलेलं, डोळे लाल. बांधावर काकासाहेब आणि गावातली चार-सहा माणसं हाताची घडी घालून उभी, मयताला आल्यासारखी.

आणि पोत्यांच्या मध्ये, गाठोडं मांडीवर घेऊन, माझ्या सासूबाई. चतुराबाई. आख्खं गाव जिला वचकून असतं ती बाई पोत्याला टेकून बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"दादा, हे काय?" कल्याण अनवाणीच धावला.

"तुझा वाटा. बराबर अर्धा हाय. भांडी तुझ्या वहिनीनं निवडली, कमी वाटलं तर सांग. जमिनीचं तलाठ्यापाशी जाऊन करू."

"कशाचा वाटा?"

"मला कशाला इचारतो? चूल मांडताना इचारलं का?"

"अन् आई?"

दादा हंडा खाली ठेवत म्हणाले, "आयला मी इतकी वर्षं सांभाळलं. आता तुझ्याकडं."

हे वाक्य ते सहज बोलले. हंड्याबरोबर. मला वाटलं, मला चुकून ऐकू आलं असेल. मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, बरोबर ऐकू आलं. त्या बाईने मला नऊ वर्षं सुखाने भाकरी खाऊ दिलेली नाही. माझ्या भाकरीला त्या "नकाशा" म्हणतात. तरी त्या क्षणी दादांचा मला संताप आला. आपली आई पोत्यांत घालून आणली या माणसाने!

कल्याण मात्र दादांचे हात धरून सांगत होता. वेगळं नाही निघालो, शपथ, देवाशपथ, आम्ही फिरायला चाललो.

"कुठं?"

"अंदमानला."

"अंदमानला जायाला इथं चूल कशाला पाह्यजे?"

"तिथं तंबूत राहायचं हाय. सराव करून राह्यलो, दादा."

बांधावर कुणीतरी फिस्सकन हसलं. काकासाहेब म्हणाले, "सराव? झोपायचा सराव?" मग सगळेच हसले. दादा हसले नाहीत. ते तंबूकडे बघत राहिले, आत पसरलेल्या दोन चटयांकडे बघत राहिले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजे तू इतका लांब चालला, समुद्रापल्याड, अन् मला ठाऊक न्हाई. वेगळा निघला अस्ता तरी बरं झालं अस्तं, कल्याण. वेगळं निघणारा निदान तोंडावर निघतो."

आता हे त्यांचं खरं होतं. लागलं होतं त्यांना, आणि लागणारच. मीही तेच सांगत होते, आधी घरी सांगा. कल्याण रडायला लागला. चाळिशीला आलेला माणूस, लोखंडाच्या भट्टीपुढे उभा राहणारा, गाईच्या शेजारी उभा राहून रडत होता. मला त्याची दया आली. मी ठरवलं, काही बोलायचं नाही, भाऊ-भाऊ बघून घेतील, अर्ध्या तासात चहा होईल.

आणि तेव्हा त्याने डोळे पुसले आणि तोडगा काढला.

"दादा, तुम्ही चला. समुद्र तुम्ही तरी कुठं पाह्यला? आपण दोघं भाऊ जाऊ. शीतल थांबल आईपाशी. तिचं काय, ती मंग कधीबी जाईल."

ते मी एकदा कानाने ऐकलं आणि मनात पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. सगळ्यात वाईट म्हणजे हे बोलून त्याने माझ्याकडे बघितलं, शाबासकी मागितल्यासारखं. बघ, कसं मिटवलं! आणि खरंच मिटत होतं. दादांचा चेहरा सैल पडला. "मी कशाला," म्हणाले, पण पुढे लगेच, "थंडी राह्यती का तिथं?" काकासाहेब म्हणाले, "भाऊ असावा तर असा." कुणी गाय सोडायला पुढे झालं, कुणी पोतं उचलायला. माझं नाव घेऊन, मला न विचारता, सगळ्या गावाचं समाधान झालं होतं.

आमच्यात मोठ्या दिरापुढे बोलत नाहीत. नऊ वर्षांत दादा माझ्याशी थेट बोललेले नाहीत, मी त्यांच्याशी नाही. "तिला सांग," "त्यांना म्हणावं," असं चालतं. त्या दिवशी मी तंबूसमोर उभी राहून बोलले, आणि नदीपर्यंत ऐकू जाईल असं बोलले.

"तिकिटावर माझं नाव आहे. दादांचं नाही. नऊ वर्षं मी तुमच्या घरच्यांना चहा करते, भाकऱ्या टाकते, अंथरुणं घालते. मला एकटीला नवऱ्याबरोबर चार दिवस पाहिजे होते. दागिने मागितले नाहीत, जमीन मागितली नाही. माझाच नवरा मागितला. तोही तुम्ही वाटून घेतला? मी जाणार. यायचं त्यांनी यावं, नाही त्यांनी येऊ नये."

दादांनी मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "कल्याण, तिला आवर."

"तिला काय आवरतो?" हा आवाज ट्रॉलीतून आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "अगुदर मला सांगा, मी कुणाच्या वाट्याला हाय?"

"आय, चल घरी," दादा म्हणाले. "मिटलं आता समदं."

"मिटलं? झुंजूमुंजू उठवून पोत्यासंगं चढवलं, अन् आता पोत्यासंगं माघारी नेता? मला कुणी इचारलं का, म्हातारे, तुला कुठं राहायचं? म्हशीला तरी बाजारात नेताना पाणी दावत्यात."

"आई, माझ्याकडं चल की," कल्याण म्हणाला.

"तुझ्याकडं? तू तर बायकोला माझ्या राखणीला ठेवून भावासंगं फिरायला चालला. मेल्या, माझी राखण करायला मी काय कणगी हाय?"

ट्रॉलीतून उतरायला त्यांना कुणाचा हात नको होता. कल्याणचा झिडकारला, दादांचाही. गाठोडं आधी खाली टाकलं, मग फळी धरून स्वतः उतरल्या. माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझी पाळी.

"जालन्याच्या घराची चावी दे."

"आई?"

"चावी दे म्हणते ना. दोघांच्याबी घरी मला जायाचं न्हाई. तुझ्या घरी मी अन् मीना राहू. अन् तू ज्या कामाला निघाली, ते कर. इथं उभी राहून कुणाला दाखवती?"

माया वगैरे नव्हती त्या बोलण्यात. डोळ्यांत नुसता जाळ होता, आणि तो माझ्या जाळाइतकाच होता. मी चावी दिली. त्यांनी ती कनवटीला लावली, गाठोडं काखेत मारलं आणि फाट्याकडे चालायला लागल्या. गाय हंबरली. दोघे मुलगे मागे धावले, पण त्या थांबल्या नाहीत आणि एसटी मिळेपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

निघायच्या दिवसापर्यंत आम्ही दोघी त्या घरात राहिलो. कुणाला वाटेल आमचं मेतकूट जमलं. कसलं काय. भात कच्चा आहे, डाळीत मीठ नाही, रात्री दिवा कशाला जळतोय, सगळं पहिल्यासारखंच. मी रागात होते, त्या रागात होत्या, मीना बिचारी पुस्तकात डोकं घालून बसायची. कल्याण गावाकडेच थांबला होता. फोनवर रोज एकच, "दादा जेवत न्हाईत." मी म्हणायची, "मग तुम्ही भरवा."

बुधवारी स्टेशनवर आला. दाढी वाढलेली, हातात माझ्यासाठी संत्री. मला वेडीला वाटलं, बॅग कुठे असेल याची? हातात नाही, पाठीवर असेल. पाठीवरही नव्हती. त्याने माझी सॅक डब्यात चढवली, तंबूची पिशवी सीटखाली नीट ढकलली, आणि खाली उतरला.

"दादांचं मन शांत झालं की पुढच्या वर्षी आपण जाऊ," खिडकीतून म्हणाला. "तूबी न्हाई गेली तर चाललं अस्तं. एकटी कशी राहशील तिथं?"

"एकटी कशी राहतात ते मला चांगलं माहीत आहे," मी म्हणाले. गाडी हलली. संत्री मी वाटेत शेजारच्या बाईंना देऊन टाकली.

बेट रुखसारने सांगितलं होतं तसंच निघालं, आणि त्याचाही मला राग आला. निदान घाण असतं, डास असते, तर बरं झालं असतं. पाणी इतकं स्वच्छ की आपलेच पाय अनोळखी दिसतात. दुपारी समुद्र मागे हटतो तो थेट दूरवर, आणि उघड्या पडलेल्या खडकांत लहान मासे अडकून राहतात. वाडीवाला भला माणूस. हिंदीत म्हणाला, "साहब पीछे आ रहे हैं?" मी म्हटलं, "नहीं." त्याने पुन्हा विचारलं नाही. तंबू मी एकटीने उभा केला. पहिल्या झटक्यात उभा राहिला. आजूबाजूला तीन-चार तंबू होते आणि प्रत्येकात नवरा-बायको. एक मल्याळी बाई नवऱ्यावर सारखी खेकसत होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता. माणूस समोर आहे म्हणून तर खेकसता येतं.

मला कल्याणची आठवण येत होती. लपवत नाही. पाण्यात उतरले तरी येत होती, पातेल्यात शंखातला खेकडा शिरला तेव्हा तर फार आली, कारण तो किती घाबरला असता ते मला दिसत होतं. आणि आठवण आली की स्वतःचाच संताप यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. रेंज तिथे एकाच माडाखाली यायची, तिथे पाठ टेकून बसले.

"आई दार उघडून न्हाई राह्यली," कल्याण म्हणाला.

"कुठलं दार?"

"आपलं. जालन्यातलं. मी जिन्यावर बसलोय. आतून म्हणती, दोघं भाऊ मिळून या अन् पुन्हा पोत्यात घालून न्या. मीना आत हसून राह्यली. माझं घर हाय ते, शीतल."

मला हसू आलं. ठेवायचं नव्हतं, पण आलं. तोही हसला. मग म्हणाला, "तिथं कसं हाय?" मी म्हणाले, बरं आहे. तो म्हणाला, नीट सांग. मी पाण्याचं सांगितलं. खडकातल्या माशांचं सांगितलं. खेकड्याचं सांगितलं तेव्हा तो खरंच ओरडला. भरती कुठवर येते, रात्री तारे किती दिसतात, एकटीला भीती वाटते का, एकेक विचारत गेला. जिन्यावरून कुणी वर-खाली जात नव्हतं, त्याला कुणी हाक मारत नव्हतं, कुकर वाजत नव्हता. मी माडाखाली, तो जिन्यावर. नऊ वर्षांत आम्ही पहिल्यांदा एकटे होतो.

खूप वेळ बोललो. अंधारून आलं. मग तो म्हणाला, "शीतल, मी येऊ का?"

मी माडापासून पुढे सरकून ताठ बसले.

"आज निघलो तर शेवटचा एक दिवस तरी भेटल. हैदराबादची गाडी हाय अजून. येऊ?"

सगळा राग, सगळ्या नऊ वर्षांचा, एका क्षणात कुठे गेला मला माहीत नाही. मी म्हणाले, "या. आत्ता निघा. कपडेसुद्धा घेऊ नका. तसेच या."

"येतो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्या तंबूतल्या संध्याकाळसारखा झाला होता. जिन्यावरून उठताना त्याच्या गुडघ्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. "निघतोच. तेवढं फक्त दादाला फोन करून इचारतो, अन् मंग तुला कळवतो."

मी फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, बटण दाबून धरलं आणि स्क्रीन काळी होईपर्यंत धरून ठेवलं.